खेळाच्या तासात मुलांनी एकमेकांशी बोलावे म्हणून

पाच ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये संवाद आणि संघभावना खेळांतून कशी रुजवावी, याविषयी शिक्षक आणि पालक वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुले आहेत. ‘एकमेकांना मदत करा’ असे वारंवार सांगूनही चेंडू दोन-तीन मुलांच्याच हातात राहतो आणि तास भांडणात संपतो. आमच्याकडे क्रीडाशिक्षक नाही. मी काय करावे?

उत्तर : क्रीडाशिक्षक नसणे ही तुमच्याच शाळेची अडचण नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीचा खेळाचा तास त्यामुळे बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकांवरच येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सात वर्षांच्या मुलाला ‘मदत कर’ हे शब्द समजतात, मात्र त्या क्षणी नेमके काय करायचे हे समजत नाही. म्हणून सूचना वाढवण्यापेक्षा खेळाचा नियम असा बदलावा की बोलल्याशिवाय आणि दुसऱ्यावर विसंबल्याशिवाय डाव पुढे सरकणारच नाही. लगोरी घ्या. नेहमीच्या पद्धतीने एखादा चपळ मुलगा सातही ठिकऱ्या एकटाच रचून मोकळा होतो आणि बाकीचे नुसते पळत राहतात. येथे एकच नियम वाढवावा : एका धावेत एका गड्याने एकच ठिकरी ठेवायची आणि लगेच बाजूला व्हायचे. आता पुढची ठिकरी कोण ठेवणार, तोवर चेंडूवाल्यांना कोण हुलकावणी देणार, हे मुलांना ठरवावेच लागते. डाव सुरू होण्याआधी प्रत्येक संघाला एक मिनिट घोळका करून बोलू द्यावे आणि त्या मिनिटात आपण जवळ जाऊ नये. चेंडू चिंध्यांचा असावा व कमरेच्या वर मारलेला चेंडू धरू नये.

चाळीस मुलांचा एकच खेळ मात्र कधीही लावू नका. सहा-सात मुलांचा एक संघ, म्हणजे एका वेळी तीन लगोऱ्या चालतील. भांडणे त्यानेच निम्मी होतात, कारण या वयातली बरीचशी भांडणे आपली पाळी येत नाही यातून निघतात. उरलेल्या ‘लागला – नाही लागला’ अशा वादांत निवाडा करत बसू नये, तो डाव पुन्हा खेळायला लावावा. एवढ्याशा सवलतीने मुलांचे समाधान होते.

प्रश्न : माझी साडेचार वर्षांची मुलगी बालवाडीत इतरांच्या शेजारी बसून खेळते, पण त्यांच्याबरोबर खेळत नाही. तिला एखाद्या सांघिक खेळात घालावे का?

उत्तर : घाई करू नका. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये बालवाडीतील मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यांत शेजारी बसून आपापले खेळणे, म्हणजे समांतर खेळ, हाही एक प्रकार आहे. सर्वांनी मिळून एका उद्दिष्टासाठी खेळणे वयाबरोबर वाढत जाते. तोवर हार-जीत नसलेले छोटे खेळ पुरेत. जुनी चादर चार-पाच मुलांनी कडेने धरायची, मध्ये चेंडू ठेवायचा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत तो खाली न पडू देता उडवायचा. एकाने घाई केली की चेंडू घरंगळतो आणि सगळे हसतात. घरी आजी-आजोबांसह खेळला तरी चालेल. मुलगी हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा बोलणेच कमी असेल, तर मात्र तो प्रश्न खेळाचा नव्हे, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : भारताने जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या शाळेला पहिलीपासूनच संघ बांधायचा आहे. हे वय योग्य आहे का?

उत्तर : दिल्लीतल्या त्या स्पर्धेत पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारत विजयी झाला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, त्यामुळे शाळांचा उत्साह समजण्यासारखा आहे. पहिलीत खो-खो जरूर शिकवा, निवडक मुलांचा स्पर्धेचा संघ मात्र बांधू नका.

संवाद शिकवण्यासाठी या खेळाइतका नेटका देशी खेळ मला दुसरा दिसत नाही. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाईतो मागे फिरता येत नाही आणि बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पळणारा हुलकावणी देऊन दुसऱ्या बाजूला गेला, तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याला खो देणे हाच जवळचा मार्ग उरतो. खो पाठीमागून द्यायचा असल्याने बसलेल्याला देणारा दिसत नाही. त्याचा सारा विश्वास पाठीवरच्या स्पर्शावर आणि कानावर पडणाऱ्या आवाजावर असतो.

लहान मुले इथे दोन चुका करतात. काही हात लावण्याआधीच ओरडतात, तर काही ‘खो’ देताना पाठीत जोराने ढकलतात. म्हणून पहिले काही दिवस पळणारा गडी नकोच. पाच-सहा मुले आलटून पालटून उलट तोंडे करून बसवावीत आणि चालत चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खो पोहोचवायला सांगावा : स्पर्श हलका, आवाज स्पष्ट, दोन्ही एकाच क्षणी. हे जमले की एकच पळणारा आत सोडावा. पुढे असाही नियम करता येतो की बसलेल्या प्रत्येकाला किमान एकदा खो मिळाल्याशिवाय गडी बाद धरायचा नाही. जाणकार प्रशिक्षकांना हा नियम खेळाचा वेग मारणारा वाटेल, आणि स्पर्धेच्या दृष्टीने तो तसा आहेच. परंतु सहा वर्षांच्या मुलाला आधी आपल्या मागे-पुढे कोण बसले आहे हे पाहण्याची सवय लागली पाहिजे.

प्रश्न : आमच्या शाळेत दोन म्होरके एकेक गडी निवडतात. माझा मुलगा नेहमी शेवटी उरतो आणि खेळात सर्वांत आधी बाद होतो. शिक्षकांना काय सुचवावे?

उत्तर : सर्वांसमोर निवड करण्याची ही पद्धत लहान वर्गांत बंदच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे गल्लीतल्या मुलांनी यावर केव्हाच उपाय काढला होता. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले जोडी करून बाजूला जात, स्वतःला चंद्र-सूर्य अशी गुपचूप नावे ठेवत आणि म्होरक्यांपैकी एकाला विचारत की चंद्र हवा की सूर्य. संघ तुल्यबळ होत आणि नकोसे कोणीच ठरत नसे. खूप लहान मुलाला लिंबूटिंबू म्हणून, बाद न होण्याच्या सवलतीसह, खेळात घेण्याची रीतही तितकीच शहाणपणाची आहे.

बाद होण्याबद्दल म्हणाल, तर ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच मुलगा सर्वांत आधी बाजूला बसतो, हा अशा खेळांचा दोष आहे. संगीत खुर्चीत खुर्ची कमी करावी, मूल कमी करू नये. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मावून दाखवायचे म्हटले की ‘सरक’, ‘इकडे ये’, ‘माझा हात धर’ असे बोलणे आपोआप सुरू होते. खुर्च्या मजबूत आणि ठेंगण्या असाव्यात.

प्रश्न : आमच्या वर्गात बांधकाम मजुरांची मुले आहेत. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी ओडिया बोलतात. ती मैदानावर गप्प उभी राहतात.

उत्तर : मोजक्या आणि ठरलेल्या शब्दांत चालणारे खेळ निवडा. आंधळी कोशिंबीर जोड्यांनी खेळता येते : एकाचे डोळे बांधलेले, दुसऱ्याने ‘पुढे’, ‘थांब’, ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ एवढ्याच शब्दांनी त्याला डबे मांडलेल्या वाटेवरून न्यायचे. वाट दाखवणारा मागे उभा असावा, समोर नको, कारण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना समोरच्या माणसाचे डावे-उजवे ओळखता येत नाही आणि मग चूक भाषेची नसतानाही भाषेच्या माथी मारली जाते. दुसऱ्या फेरीत हेच शब्द ओडियातून घ्यावेत आणि ते त्या मुलांनी इतरांना शिकवावेत. डोळे बांधून घ्यायला घाबरणाऱ्या मुलावर सक्ती करू नये. त्याने डोळे मिटून घेतले तरी पुरे.

प्रश्न : वर्णनात्मक नोंदींत ‘सांघिक भावना’ कशी लिहावी?

उत्तर : ‘गटात मिळूनमिसळून खेळतो’ हे वाक्य चाळीसही मुलांपुढे लिहिता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. पाहिलेली कृती लिहा : पडलेल्या मित्रासाठी थांबली, ठिकरी ठेवण्याआधी जोडीदाराला हाक दिली, हरल्यावर चेंडू फेकून दिला. एका तासाला चार-पाच मुलेच नजरेसमोर ठेवली, तर दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो.