मणक्यातील कर्करोग आणि आयुष्याचा अंदाज

प्रश्न : माझ्या आईला (वय ६२) सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. आता तो पाठीच्या दोन मणक्यांत पसरला आहे. तिचे पाय लटपटतात. चालताना चप्पल निसटते आणि तिला ते कळतही नाही. ऑपरेशन करायचे की नाही, हे ‘पेशंट किती जगेल’ यावर ठरेल, असे डॉक्टर म्हणतात. हे कसे ठरवतात?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : चप्पल निसटल्याचे आपण लिहिलेत, म्हणून आधी त्याविषयीच सांगतो. हे मज्जारज्जूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते, आणि पाय पूर्ण लुळे पडल्यावर ताकद परत येणे फार अवघड असते. तेव्हा हे पत्र छापून येण्याचीही वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. लघवी अडली किंवा पाय उचलेनासे झाले, तर रात्र असली तरी थेट मेडिकल कॉलेजचे रुग्णालय गाठा.

आता अंदाजाविषयी. जपानमधील तोकुहाशी यांनी १९९० साली मांडलेल्या आणि २००५ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत रुग्णाची एकूण प्रकृती, किती मणके बाधित आहेत, इतर हाडांत व यकृत-फुप्फुसांसारख्या अवयवांत रोग गेला आहे का, तो मुळात कुठला आणि पायांत शक्ती किती, या सहा गोष्टींना मिळून १५ गुण असतात. ८ पर्यंत गुण असल्यास सहा महिन्यांहून कमी, १२ किंवा त्याहून जास्त असल्यास वर्ष किंवा अधिक, असा अंदाज बांधतात. मूळ रोग फुप्फुसाचा असेल तर त्या रकान्यात शून्य, स्तनाचा असेल तर पूर्ण ५. म्हणजे आपल्या आईची बाजू तिथे भक्कम आहे. दोन मणक्यांसाठी मात्र दोनपैकी एकच गुण मिळेल.

हा अंदाज अनेक रुग्णांच्या अनुभवावरून काढलेला असतो, एकट्या आपल्या आईचा नव्हे. शिवाय नवी औषधे आल्यापासून अनेक रुग्ण या गुणांपेक्षा जास्त जगतात. तरीही हा अंदाज लागतो, कारण ऑपरेशनची जखम भरून उठून बसायलाच काही आठवडे जातात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत किमान तीन महिने जगण्याची अपेक्षा असलेलेच रुग्ण घेतले होते. ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के, तर केवळ रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकले.

भेटीला जाताना जुनी फाईल, विशेषतः सहा वर्षांपूर्वीचा बायोप्सीचा रिपोर्ट, सोबत न्या; गाठ हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारी होती का, हे त्यात पाहता येईल.