वाचक विचारतात: दोन कार्ट्रिज, बोर्ड वेगळे

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या गेमबॉयच्या (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) दोन कार्ट्रिज घेतल्या, बाहेरून सारख्याच, पण एकात गेम सेव्ह होतो नि दुसऱ्यात नाही. आत बोर्ड वेगळा असेल का, ओळखायचा कसा?

उत्तर: हो, असू शकतो. साधा स्क्रूड्रायव्हर चालणार नाही हां, ३.८ एमएमचा गेमबिट (या खास स्क्रूंसाठीचं टोक) लागतो, तो ऑनलाइन मिळतो. उघडल्यावर हिरव्या बोर्डावर 'डीएमजी'ने सुरू होणारा कोड बघा, पुढची अक्षरं बोर्डाचा प्रकार सांगतात आणि शेवटचा आकडा म्हणजे त्याची आवृत्ती. मग चिप्स मोजा. टेट्रिससारख्या ३२ केबीच्या छोट्या गेमला एकटी रॉम (गेम साठवलेली चिप) पुरते, मोठ्या गेममध्ये शेजारी एमबीसी लिहिलेली चिप दिसते, ती रॉमचे भाग आलटूनपालटून समोर आणते. सेव्हसाठी बहुतेक गेममध्ये वेगळी रॅम (सेव्ह ठेवणारी चिप) नि ती जागी ठेवणारा गोल सेल असतो, फक्त एमबीसी२ या प्रकारात रॅम चिपच्या पोटातच असते, म्हणून रॅम दिसली नाही तरी लगेच नकली म्हणू नका! एमबीसी३ शेजारी छोटा क्रिस्टल असला तर त्यात घड्याळ आहे समजा.

चिपच्या जागी काळा डांबरासारखा गोळा दिसला तर मात्र मला डाऊट येतो, बहुतेक डुप्लिकेटच.

तुमच्या दुसऱ्याचा सेलच संपला असेल. आपल्याकडच्या पावसात कार्ट्रिजच्या धातूच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखं चढतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फेणीने नको. सेल काढला की जुना सेव्ह गेला, हे आधीच सांगून ठेवतो.