सुई लागली तर त्याच घटकेला सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

लातूरला परिचारिका म्हणून तू रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात रात्रपाळी लागली, हे तुझ्या आईकडून कळले. कौतुक मागाहून करीन. आधी हे सांग की हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या, लसीचे तुझे तीनही डोस झाले आहेत का? पहिला आणि महिन्याने येणारा दुसरा डोस कॉलेजात सगळ्याजणी घेतात, पण सहाव्या महिन्यातला तिसरा परीक्षा आणि सुट्ट्यांच्या गडबडीत हमखास राहतो. ही लस बाळांच्या नियमित लसीकरणात देशभर आली ती 2011 मध्ये, म्हणजे तुझ्या जन्मानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा लहानपणी झालीच असेल, असे गृहीत धरू नकोस. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासून घे. तो 10 किंवा त्याहून अधिक आला, तर तो कागद जपून ठेव, कारण सुई लागल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.

हे मी इतके बजावून लिहिते, त्याला कारण आहे. 1999 मध्ये एका रुग्णालयात पहाटे पाचच्या सुमारास मी एका ऊसतोड मजुराचे रक्त घेतले आणि सवयीने दोन्ही हातांनी सुईला टोपण लावायला गेले. सुई टोपणाच्या कडेवरून घसरली आणि हातमोज्यातून डाव्या तर्जनीत शिरली. मी बोट पिळले, त्यावर स्पिरिट ओतले (या दोन्ही गोष्टी करू नयेत, हे नंतर कळले) आणि इन्चार्ज सिस्टर रागावतील म्हणून गप्प बसले. लस मी घेतलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’, म्हणजे हिपॅटायटिस बीची लागण, असे वाचले, तेव्हा माझ्या हातापायांतले बळच गेले. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात तो प्रथम सापडला म्हणून पडलेले ते जुने नाव आपल्याकडच्या प्रयोगशाळांत अजूनही चालते. तेव्हा त्या शब्दांचा अर्थ बरोबर ओळखायला शीक. अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन शक्यतो 24 तासांच्या आत घ्यायचे असते. मला ते चौथ्या दिवशी, औरंगाबादहून मागवून मिळाले, आणि त्याच दिवशी लसही सुरू झाली. पुढचे सहा महिने मी रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पिवळेपणा शोधत होते. सुदैवाने काही झाले नाही.

आपण सगळ्या एचआयव्हीला घाबरतो, पण बाधित रक्ताची सुई टोचल्यावर त्याचा धोका हजारात सुमारे तीन इतका असतो, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू टेबलावर वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस तग धरतो, त्यामुळे ‘वाळलेलेच तर आहे’ म्हणून उघड्या हाताने तो डाग खरवडू नकोस.

वापरलेल्या सुईला टोपण लावायचेच नाही. नीडल कटर (सुई कापायचे यंत्र) आणि वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर ठेवूनच सिरिंज उचल. सुई लागलीच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, एवढे पुस्तकात असते. मात्र ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे रात्री अडीच वाजता नळाला पाणी असेलच, हे पुस्तक लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. म्हणून पाळी सुरू होतानाच पाण्याची झाकलेली बादली, तांब्या आणि साबण जागेवर आहेत ना, ते पाहा. जखम धुऊन झाली की लगेच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांग, नोंदवहीत वेळ लिही, आणि रुग्णाचे व तुझे अशी दोन्ही रक्ते तपासणीला जाऊ देत. कोणी रागावले तर ऐकून घे.

आणखी एक, तुमच्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनाही डोस झाले का, ते विचार. तुझी सुई निदान तुझ्या हातातली असते. त्यांना लागते ती दुसऱ्या कोणीतरी पिशवीत टाकलेली. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार त्यांना ही लस देणे रुग्णालयाला बंधनकारक आहे, पण मावशी आपणहून मागायला जात नाहीत.

लसीच्या कार्डाचा फोटो मला पाठव. तिसऱ्या डोसासमोरची जागा रिकामी असली तरी लाजू नकोस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा असतो, आणि तोही दंडावर.

तुझ्या आईची जुनी सहकारी