छर्रा किती खोल जातो, कसं मोजावं?

प्रश्न : माझ्याकडे ४.५ मिमीची एअर रायफल आहे. टोकदार, चपट्या आणि पोकळ तोंडाच्या छर्‍यांपैकी कोणता किती खोल जातो, ते घरीच पाहायचंय. चायना ग्रासचा ठोकळा केला, तर तो तडकला. मग जिलेटिन घ्यावं, की माती? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चायना ग्रास तडकणारच. ते ठिसूळ असतं, जिलेटिनसारखं ताणलं जात नाही. मातीत खड्डा तसाच राहतो, त्यामुळे तो मोठा दिसतो. शिवाय ऊन-सावलीनुसार माती मऊ-कडक होते. नुसती छर्‍यांची तुलनाच करायची असेल, तर ओली रद्दी उत्तम.

वर्तमानपत्रं घ्या, गुळगुळीत पुरवण्या काढून टाका. त्यांत पाणी नीट मुरत नाही. पातळ गठ्ठे २४ तास बुडवा. जाड गठ्ठा मध्ये कोरडा राहतो आणि छर्रा तिथेच अडतो. बहुतेक चुकीचे आकडे याच कोरड्या गाभ्यातून येतात. अर्धा तास निथळून खोक्यात न दाबता रचा. दोन नेमांत ५ सेंमी अंतर ठेवा, रायफल तीच आणि ठोकळ्यापासून उभं राहायचं अंतरही तेच, प्रत्येक प्रकाराचे पाच छर्रे. पानं मोजू नका, पट्टीने खोली मोजा. उन्हाळ्यात गठ्ठा बघता बघता सुकतो, म्हणून सकाळीच उरका.

हे आकडे फक्त आपसांत ताडून पाहायचे. रद्दीतले सेंमी म्हणजे जिलेटिनमधले सेंमी नव्हेत.

प्रमाणित आकडा हवा असेल तर १० टक्के जिलेटिन : २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) ५०० ग्रॅम, पाणी साडेचार लिटर. तयार जेलीची पाकिटं नकोत, त्यांत साखरच जास्त. भुकटी गार पाण्यात भुरभुरवून दोन तास फ्रीजमध्ये फुगू द्या, मग कोमट करून विरघळवा. तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पकड कमी होते; उकळू तर नकाच. साच्यात ओतून ४ अंशांवर दीड दिवस ठेवा. पारख अशी : ४.५ मिमीचा पोलादी गोळा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुमारे ८.५ सेंमी आत जायला हवा. त्यासाठी वेगमापक लागतो. ठोकळा थर्माकोलच्या पेटीतून काढा आणि लगेच नेम धरा. सोलापूरच्या मे महिन्यात तो हवेत तसाच ठेवला तर मऊ पडतो आणि खोली फुगते.

मागे वाळूची पोती हवीतच. चादर टांगून भागत नाही, मग ती सोलापुरी का असेना. डोळ्यांना गॉगल लावा, शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवा. परवान्याच्या बंदुकीची चाचणी मात्र घरी नाहीच, ती अधिकृत रेंजवर.