दिवे लावले की भिंती मळतात

प्रश्न : ताई, बेडरूमच्या चारही भिंतींना फिकट, राखाडीकडे झुकणारा जांभळा रंग दिलाय. सकाळी खोली बघत राहावी अशी दिसते. पण संध्याकाळी दिवे लावले की त्याच भिंती मातकट, मळल्यासारख्या वाटतात. कपाट मधाळ लाकडाचं आहे, छत आणि पडदे क्रीम. नवरा म्हणतो, सगळ्यावर पांढरा मारून मोकळे होऊ. पेंटरला परत बोलवावं का?
— एक वाचक

उत्तर : इतक्यात नको. आधी बल्बचं खोकं शोधा आणि त्यावर काय छापलंय ते वाचा. २७०० किंवा ३००० केल्विन असणार, पैज लावते. केल्विनचा आकडा उजेडाचा रंग सांगतो, जितका कमी तितका पिवळा. म्हणजे तुमचा उजेड पिवळसर, आणि पिवळा हा जांभळ्याचा विरोधी रंग. गडद जांभळा असता तर त्याने टिकाव धरला असता. तुमच्या शेडमध्ये जांभळा मुळातच चिमूटभर, बाकी सगळा पांढरा नि करडा. तेवढा जांभळा पिवळ्या उजेडाने गिळला की मागे काय उरणार? आणि हो, त्याच बल्बखाली पांढरी भिंतही पिवळीच दिसेल, हे यजमानांच्या कानावर घाला.

छताच्या दिव्यात ४००० केल्विनचा बल्ब लावा. सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त आहे ना, तेही बघा. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचा तो शंभरपैकी आकडा. ६५०० वर मात्र जाऊ नका. भिंती निळ्या पडतील आणि आरशात आपण आजारी दिसू. उशाजवळचा वाचायचा दिवा पिवळाच राहू दे, झोपताना तोच बरा.

आता छत. जांभळ्याशेजारी क्रीम आहे त्याहून पिवळं दिसतं, जुनाट वाटतं. शेजारी-शेजारी आलेले रंग एकमेकांना बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडलं. गोबेलाँच्या विणकाम कारखान्यात ते रंगाईचं काम बघत. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली. तपासलं तर काळा रंग चोख निघाला; गडबड होती ती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांची. तेव्हा पेंटर बोलवायचाच तर छतापुरता बोलवा. साधा पांढरा, मॅट, पिवळसर झाक नसलेला. छत पांढरं झालं की भिंतींवर परत येणारा पिवळेपणाही कमी होईल.

कपाटाला हात लावू नका. त्या लाकडामुळेच ही खोली थंड वाटत नाही. पडदे तूर्त राहू द्या. चादर शेवाळी हिरवी घालून बघा, भिंतींचा जांभळा लगेच खुलतो. जांभळ्यावर जांभळी फुलं मात्र मला तरी सोसत नाहीत.

एवढं करूनही भिंती मातकटच वाटल्या, तर शेड गडद करू नका. तितकीच फिकट, पण करडा कमी असलेली घ्या. नमुना थेट भिंतीवर मारू नका, कारण भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात द्या, कडेने चार बोटं पांढरी पट्टी सोडा आणि वाळल्यावर तो रात्री, नव्या बल्बखाली, कपाटाशेजारी उभा करून बघा.