हॉटेलसाठी गाळा घेतोय, दलाल-आर्किटेक्ट-वकील सगळ्यांच्या फीवर 18 टक्के टॅक्स का?

म्हणजे तुम्ही मालवणात हॉटेलसाठी गाळा भाड्याने घेताय, दलाल, आर्किटेक्ट, वकील तिघांनीही बिलात 18 टक्के जीएसटी धरलाय आणि अमेरिकेतला मेव्हणा म्हणतो आमच्याकडे या लोकांच्या फीवर सेल्स टॅक्स नसतो. मी कुडाळला अकाउंट आणि जीएसटीचीच कामं करतो, हा प्रश्न नेहमीचाच आहे.

मेव्हणा बरोबर बोलतोय, तिकडे बहुतेक राज्यांत सेल्स टॅक्स मुख्यतः वस्तूंवर. सेवांवर लावून बघितला नाही असं नाही, फ्लोरिडाने 1987 च्या जुलैत वकिलांपासून जाहिरातवाल्यांपर्यंत सगळ्यांना धरलं, इतकी बोंब झाली की डिसेंबरात कायदाच रद्द करावा लागला. तिकडे धंदेवाल्याने अशा फीवर भरलेला टॅक्स पुढे वजा मिळत नाही, मग दलालीवरचा टॅक्स भाड्यात जातो, भाड्यातला मालाच्या किमतीत, आणि त्यावर पुन्हा टॅक्स.

आपल्याकडे बोंब झाली नाही कारण हळूहळू आलं. 1994 ला सर्व्हिस टॅक्स सुरू झाला तेव्हा टेलिफोन, विमा आणि शेअर ब्रोकर एवढेच, 5 टक्के. 1998 ला आर्किटेक्ट आणि प्रॉपर्टी एजंट आले, 2007 ला दुकान-ऑफिसचं भाडं, आणि 1 जुलै 2017 पासून सगळंच जीएसटीत, 18 टक्के. क्रेडिट (भरलेला टॅक्स पुढच्या टॅक्समधून वजा) मिळतंय ना, मग ओरडता कशाला, हे सरकारचं ठरलेलं उत्तर. काजू फॅक्टरीवाल्यासाठी ते खरंही आहे, त्याला हा टॅक्स काजूवरच्या टॅक्समधून वजा होतो. पण साधं हॉटेल 5 टक्के लावतं आणि त्याला इनपुट क्रेडिटच नाही. म्हणजे टॅक्सवर टॅक्स ही मेव्हण्याकडची भीती तुमच्यासाठी इथे खरी झालेली आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तर निम्मे गाळे खानावळी-हॉटेलांनाच जातात!

आता दलाली आणि नकाशाची फी एकदाच जाते, पण भाडं दर महिन्याला. 10 ऑक्टोबर 2024 पासून असं आहे की गाळामालकाकडे जीएसटी नंबर नसेल आणि तुमच्याकडे असेल तर भाड्यावरचा 18 टक्के तुम्ही भरायचा (आपल्याकडचे निम्मे मालक मुंबईत, त्यांना नंबर कुठला असायला). भाडं 30,000 धरा, दर महिन्याला 5,400 रोख सरकारला आणि परत काही नाही. मात्र कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठराविक टक्के भरायची सोपी योजना) असाल तर 16 जानेवारी 2025 पासून हे लागत नाही, म्हणून नोंदणी करायच्या आधी सीएकडून दोन्ही हिशोब मांडून घ्या. दारू ठेवणार असाल तर कंपोझिशन विसरा, मिळत नाही. आणि मालक नोंदणीकृत असेल तर तो बिलातच 18 लावणार, तिथे पळवाट नाही. अॅग्रीमेंटमध्ये भाडं जीएसटीसकट की जीएसटी वेगळा ते लिहून घ्या, नंतर यावरूनच भांडणं होतात.

वकिलाच्या बिलात मात्र टॅक्स दिसायलाच नको. वकिलाच्या फीवरचा जीएसटी भरायची जबाबदारी धंदेवाल्या अशिलावर असते आणि मागच्या वर्षीची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तोही माफ. तुमचं हॉटेल अजून उघडलंच नाही, दुसरा धंदा नसेल तर शून्य. सर्चचं, म्हणजे मालकीचे कागद तपासायचं काम इथे किचकट असतं, सामायिक सातबारा, दहा भाऊबंद, अर्धे फेरफार नोंदवलेलेच नाहीत, तेव्हा फी घासाघीस न करता द्या, वरचे 18 टक्के देऊ नका.

दलालाचं वर्षाचं उत्पन्न 20 लाखांच्या खाली असेल तर बहुतेक नोंदणीच नसते आणि नोंदणी नसताना जीएसटी घेताच येत नाही. बिलावर नंबर आहे का बघा, असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळलं तरच पैसे.