लेकीला केमिकलला घालू का?

ताई, पत्र वाचलं. लेक तासगावात अकरावी सायन्सला, इक्विलिब्रियमच्या, म्हणजे रासायनिक समतोलाच्या टेस्टला मार्क कमी पडले आणि तरी म्हणतेय केमिकल इंजिनिअरिंगच करायचंय, पाहुणेरावळे म्हणतायत कॉम्प्युटर घे. पण शेवटी तुम्ही सहज लिहिलंय ना, की ती सारखी विचारते, गार ठेवल्यावर अमोनिया जास्त मिळतो तर कारखान्यात एवढं तापवतात कशाला, मला तर त्यातच उत्तर दिसलं.

प्रश्न एकदम बरोबर आहे तिचा. नायट्रोजन-हायड्रोजनचा अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते आणि ही रिअ‍ॅक्शन उलटीपण फिरते, झालेला अमोनिया परत फुटतो, दोन्हीकडचा वेग सारखा झाला की तो समतोल, त्यामुळं तापवलं की समतोलाला अमोनिया कमीच. पण गार ठेवलं तर सगळं इतकं सावकाश चालतं की कारखाना परवडणारच नाही. म्हणून मग ४००-५०० डिग्री, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ. कॅटॅलिस्टनं समतोल सरकत नाही, नुसतं तिथं लवकर पोचता येतं, हे तिच्याकडून पक्कं करून घ्या, पोरं इथंच घसरतात. आणि एवढं करून एका फेरीत साधारण १५ टक्केच गॅसचा अमोनिया होतो! तो गार करून पातळ करायचा, बाजूला काढायचा, उरलेला गॅस परत आत सोडायचा, असं फिरवत राहायचं.

हाबर ह्या जर्मन केमिस्टनं १९०९ ला हे टेबलावर करून दाखवलं, पण मोठ्या प्रमाणावर करायला गेल्यावर हायड्रोजन पोलादात शिरून भांडी फुटायला लागली, तेव्हा बॉश ह्या इंजिनिअरनं आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि १९१३ ला जर्मनीत ओप्पाऊला कारखाना सुरू झाला. केमिकल इंजिनिअरचं काम म्हणजे हेच ओ ताई, आणि तुमची लेक आत्ताच त्या अंगानं विचार करतेय. तुमच्या बागेत पडणारा युरियासुद्धा ह्याच अमोनियाचा.

तर घाला केमिकलला, माझं स्पष्ट मत आहे. मात्र गणित सोडू देऊ नका, एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा पीसीएमनंच (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्यायची, मुंबईची आयसीटी ही केमिकलची संस्था आणि लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ डोळ्यासमोर ठेवा. नोकरीत शिफ्ट असतात, प्लँट गावापासून लांब असतात, अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात नाहीतर गुजरातेत जावं लागेल, ह्याची घरात आधीच चर्चा करा. आपल्याकडं साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आहेत, एखाद्या ओळखीच्या केमिस्टला विचारून सुट्टीत तिला प्लँट दाखवून आणा.